'घाशीराम कोतवाल' : एका नाटकाचें परीक्षण व परीक्षणाच्या दृष्टि

१

ऐतिहासिक पुरुषांस रंगभूमीवर आणणाऱ्या नाटकाचें परीक्षण कसें करावें, हा प्रश्न इतिहाससंशोधकांस नवा नाहीं. परंतु कै. विजय तेंडुलकर यांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकानें तो जितक्या तीव्रपणें पुढें आणिला, तितका दुसऱ्या मराठी नाटकानें क्वचितच आणिला असेल. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननें ता. १६ डिसेंबर १९७२ रोजीं याचा पहिला प्रयोग केला. एकोणीस प्रयोगांनंतर त्या संस्थेनें ते थांबविले. पुढें त्यांतील कलावंतांनीं १९७३ सालीं थिएटर अकॅडमी ही निराळी संस्था काढली व १९७४ च्या आरंभीं प्रयोग पुनः सुरू झाले. १९८० सालीं नाटक युरोपांत नेण्याचें ठरलें तेव्हांहि मोठा विरोध झाला. विरोधकांचे आक्षेप थोडक्यांत दोन : नाना फडणिसांसारख्या मुत्सद्द्याचें चित्र विकृत केलें, व ब्राह्मण ज्ञातीची नालस्ती केली. समर्थकांचें उत्तर एकच : हें ऐतिहासिक नाटक नव्हेच. स्वतः नाटककाराचीहि भूमिका हीच होती.

अलीकडे महाविद्यालयांत विद्यार्थ्यांस एखादें नाटक नेमून देऊन त्यावर इतिहासदृष्टि, ज्ञातिदृष्टि, स्त्रीदृष्टि, रूपकदृष्टि अशा एकेका दृष्टीनें निबंध लिहावयास सांगतात. ही पद्धति वाईट नाहीं. मात्र असे जे निबंध आमच्या पाहण्यांत आले, त्यांतील बहुतेकांत दृष्टि आधीं ठरलेली व नाटक मागाहून तींत बसविलेलें, असा प्रकार दिसला. 'घाशीराम'वरील वादांतहि हेंच घडलें. म्हणून प्रस्तुत लेखांत या एकाच नाटकास त्या दृष्टि क्रमानें लावून, कोणती किती दाखविते व कोठें थांबते, हें पाहण्याचें योजिलें आहे. पोथ्या बाळगणाऱ्या वाचकांस आमची रीत अपरिचित वाटूं नये. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती समोर आल्या म्हणजे आपण प्रथम त्यांतील पाठभेद टिपतों व मग भेदाचें कारण शोधतों. येथें समकालीन साधनें ही एक प्रत व नाटक ही दुसरी प्रत समजावी.

२

प्रथम साधनें पाहूं. घाशीराम सावळदास हा औरंगाबादेकडून आलेला उत्तरदेशीय ब्राह्मण. पुण्यांत तो नानांच्या मर्जीस चढला व शहरची कोतवाली त्याजकडे आली. रात्रीची तोफ झाल्यावर फिरणाऱ्यांस अटकाव करणें, परस्थांवर नजर ठेवणें, चोर व जुगारी धरणें, बदकर्माचे खटले चालवून दंड वसूल करणें, हीं त्या काळच्या कोतवालाचीं कामें. ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस, दक्षिणेसाठीं पुण्यास आलेल्या कांहीं तेलंग ब्राह्मणांस त्याच्या माणसांनीं धरून एका कोंदट जागेंत कोंडलें. तेथें हवेवांचून गुदमरून त्यांतील विसांहून अधिक मरण पावले; नक्की आंकडा निरनिराळ्या साधनांत निराळा मिळतो. बातमी फुटतांच ब्राह्मणांचा मोठा जमाव नानांकडे न्याय मागण्यास गेला आणि ता. ३१ ऑगस्ट रोजीं घाशीरामास तेलंगांच्या हवालीं करण्यांत आलें. त्यांनीं त्यास दगडांनीं ठेचून मारिलें. हा काळ टिपूवरील मोहिमेचा होता. मराठी फौजा कर्नाटकांत गुंतल्या होत्या व इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पुणें दरबारीं होता. या प्रकरणाची हकीगत त्याच्याहि लेखनांतून मिळते.

आतां नाटक. कोतवालाचा अंमल, कोंडलेले परदेशी ब्राह्मण, जमावाची मागणी व दगडांनीं आलेलें मरण, एवढा भाग साधनांशीं जुळतो. भेद मुख्यतः तीन. पहिला असा कीं, नाटकांतील घाशीराम प्रथम बावनखणींत गुलाबीच्या पदरीं नोकर आहे. दक्षिणेच्या गर्दींत त्याजवर चोरीचा आळ येतो, पुणेकर त्यास मारून हांकलतात व तो सूड घेण्याची शपथ घेतो. दुसरा भेद, ललितागौरी ही आपली मुलगी नानांस देऊन तो कोतवाली मिळवितो. तिसरा भेद शेवटचा : गरज संपतांच नाना हुकूम लिहून त्यास जमावापुढें टाकतात व त्याच्या मरणानंतर शहरांत उत्सव फर्मावितात. यांपैकीं कन्येचा सौदा हा सगळ्या रचनेचा कणा असून तो समकालीन कागदांनीं सिद्ध होणारा इतिहास नव्हे.

येथें इतिहासदृष्टीचे बहुतेक निबंध संपतात. भेद सांपडला, सबब नाटक खोटें, असा निकाल देऊन लेखक मोकळा होतो. पण पाठभेद सांपडला म्हणजे काम संपत नसून तेथून तें सुरू होतें. शिवाय घाशीरामाच्या नांवावर कल्पित लेखन करण्याचा मान तेंडुलकरांचा नव्हे. मोरोबा कान्होबा यांनीं १८६३ सालींच 'घाशीराम कोतवाल' या नांवाचें पुस्तक लिहून कोतवालास नाना तऱ्हेच्या माणसांशीं बोलतें केलें होतें. मराठी वाङ्मयांत हा पुरुष मागील शतकाच्याहि आधींपासून अर्धा इतिहास व अर्धी कथा असाच वावरत आला आहे.

३

भेदाचें कारण शोधावयाचें तर आपल्या जुन्या नाट्यशास्त्राची दृष्टि लावणें अवश्य आहे. या नाटकाच्या परीक्षणांत ती फारशी कोणी लावलेली दिसत नाहीं.

दहाव्या शतकांत धनंजयानें 'दशरूपका'त नाट्यवस्तूचे तीन प्रकार सांगितले : प्रख्यात, उत्पाद्य व मिश्र. इतिहासपुराणांतून घेतलेली ती प्रख्यात, कवीनें कल्पिलेली ती उत्पाद्य, दोहोंचें मिश्रण ती मिश्र. एवढ्यावर तो थांबत नाहीं. मूळ कथेंत नायकास किंवा रसास बाधक असें जें असेल तें कवीनें गाळावें अथवा निराळ्या रीतीनें योजावें, अशी त्याची स्पष्ट अनुज्ञा आहे. टीकाकार धनिकानें याचें उदाहरण वालिवधाचें दिलें आहे. रामानें आडून वालीस मारिलें हें मूळ कथेंत आहे. मायुराजानें 'उदात्तराघवां'त तें गाळलें, आणि भवभूतीनें 'महावीरचरितां'त वाली हाच रावणाच्या मैत्रीस्तव रामावर चालून आला असें दाखविलें. कालिदासाचें उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. महाभारतांतील दुष्यंतास शकुंतलेची ओळख पुरती आहे; लोकापवादाच्या भयानें तो ती नाकारतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप व मुद्रिका हीं नवीं योजून राजाचा दोष शापाच्या माथीं टाकला.

तेव्हां प्रख्यात वस्तूंत फेरफार करणें हा आपल्या परंपरेंत अपराध नव्हे. मग 'घाशीराम'च्या वेळीं एवढा क्षोभ कां झाला? आमच्या मतें याचें उत्तर फेरफाराच्या दिशेंत आहे. शास्त्रानें दिलेली मोकळीक नायकाचें रक्षण करण्यासाठीं आहे; तेंडुलकरांनीं तीच मोकळीक उलट्या बाजूनें वापरली. भवभूतीनें रामाचा दोष काढून घेतला, यांनीं नानांस दोष लावला. मराठी रंगभूमीवरील दुसरें उदाहरण शेजारीं ठेवून पाहावें. खाडिलकरांच्या 'सवाई माधवरावांचा मृत्यु' या नाटकांत केशवशास्त्री हें पात्र कल्पित असून शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधील इयागोचा त्यावर ठसा आहे. १७९५ सालच्या त्या दुःखद मृत्यूची जबाबदारी कोणावर, हा इतिहासांतील वादाचा प्रश्न. नाटकांत तिचा मोठा भार या कल्पित शास्त्र्यावर पडतो. 'शाकुंतलां'त जें काम दुर्वासाचा शाप करतो तेंच येथें केशवशास्त्री करतो. त्याच्या अस्तित्वास कागद कोठें आहे, असा प्रश्न विचारून त्या नाटकाचे प्रयोग बंद करावे अशी चळवळ झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. जो परीक्षक 'घाशीराम'वर अनैतिहासिकतेचा आरोप ठेवतो, त्यानें तोच गज आपल्या आवडत्या नाटकांसहि लावला पाहिजे. तसें तो करीत नसेल, तर त्याची दृष्टि इतिहासाची नसून आदराची आहे. आदर ही हलकी वस्तु नव्हे, परंतु तीस पुराव्याचें नांव देऊं नये. नानांच्या बाबतींत तर एक विशेष आहे. पानिपतापर्यंतची हकीगत देणारें त्यांचें जें त्रुटित आत्मचरित्र उपलब्ध आहे, त्यांत आपल्या तारुण्यांतील विषयासक्तीविषयीं त्यांनीं स्वतःच मोकळेपणें लिहिलें आहे. त्यावरून नाटकांतील सौदा सिद्ध होत नाहीं. पण अशा गोष्टीचा उच्चारहि अवमानकारक आहे ही समजूत नानांची स्वतःची नव्हती, एवढें त्यावरून खास ठरतें.

समर्थकांसहि येथें सुटका नाहीं. हें ऐतिहासिक नाटक नव्हे असें म्हणावयाचें, आणि नाना फडणीस, घाशीराम, पुणें, बावनखणी हीं नांवें मात्र जशींच्या तशीं ठेवावयाचीं, हें उत्तर अपुरें आहे. नांवांना स्मृति असते. नाटक त्या स्मृतीचा उपयोग करून घेतें. बारभाईंच्या कारस्थानापासून १८०० पर्यंत ज्यानें मराठी राज्याची घडी राखली, १७८२ च्या सालबाईच्या तहांत व १७९५ च्या खर्ड्याच्या मोहिमेंत ज्याची बुद्धि दिसली, तो पुरुष या नाटकांत नाहीं. ज्या प्रेक्षकास नानांची दुसरी ओळख नाहीं, त्याच्या मनांत एवढेंच चित्र राहतें. ही हानि परीक्षकानें नोंदलीच पाहिजे.

४

ज्ञातीची दृष्टि लावणारे परीक्षक दोन तटांचे आहेत. एकास नाटकांत ब्राह्मणांची निंदा दिसते म्हणून राग येतो, दुसऱ्यास तीच दिसते म्हणून समाधान वाटतें. दोघांनींहि साधनें बारकाईनें वाचलेलीं नाहींत. १७९१ च्या प्रकरणांत कोंडणारा ब्राह्मण, गुदमरून मेलेले ब्राह्मण, न्याय मागणारा जमाव ब्राह्मण व न्याय देणारा कारभारी ब्राह्मण. भेद आहे तो देशाचा. घाशीराम उत्तरेकडला, मेलेले तेलंग, कारभारी कोंकणस्थ. नाटकानें हा धागा अचूक पकडला आहे. बाहेरून आलेला माणूस शहराकडून अपमान सोसतो, अधिकार मिळतांच शहरास छळतो, आणि शेवटीं त्याच्या हातून प्राण जातात ते त्याच्यासारख्याच बाहेरून दक्षिणेसाठीं आलेल्या भुकेल्या परस्थांचे. येथें उत्पाद्य अंशानें, म्हणजे कल्पित अपमानाच्या प्रसंगानें, साधनांतील एक खरी परंतु दुर्लक्षित गोष्ट उजेडांत आणिली आहे. कल्पित पाठ कधीं कधीं मूळ पाठाचा अर्थ लावतो तो असा.

स्त्रीदृष्टि लावणारे निबंध गौरीच्या दुर्दैवाबद्दल हळहळ व्यक्त करून थांबतात. त्यांनीं पुढची पायरी चढावी. गौरी या नाटकांत फार थोडें बोलते. ती दाखविली जाते, दिली जाते, व मरते. हा नाटककाराचा दोष कीं हेतु? पुण्याच्या कोतवालीचे अठराव्या शतकांतील जे कागद शिल्लक आहेत, त्यांत बदकर्माच्या खटल्यांच्या नोंदी विपुल आहेत. त्यांत स्त्रियांचीं नांवें येतात, दंडाची रक्कम येते. त्या स्त्रीचें स्वतःचें म्हणणें विस्तारानें क्वचितच येतें. जिच्या नांवापुढें फक्त रक्कम उरली, अशा स्त्रीसारखी गौरी आहे. तिचा सौदा इतिहासांत झाला नसेल, परंतु ज्या दप्तरांत स्त्री ही दंडाची किंवा देवघेवीची बाब म्हणून उतरते, त्या दप्तराचा सूर नाटकानें बरोबर ऐकला आहे. कागद वाचणाऱ्या आमच्या वर्गानें या मौनाकडे नाटकाच्या आधींच लक्ष द्यावयास पाहिजे होतें.

५

रूपकदृष्टीविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. सत्ताधाऱ्यानें आपल्या सोयीसाठीं एक दांडगी शक्ति उभी करावी, ती हाताबाहेर जातांच तिचा बळी द्यावा व आपण निष्कलंक राहावें, हा नाटकाचा गाभा आहे. १९६६ सालीं स्थापन झालेल्या शिवसेनेच्या वाढीशीं कित्येक समीक्षकांनीं त्याचा संबंध जोडला. संबंध असेलहि, पण अमुक पात्र म्हणजे तमुक पुढारी अशी किल्ली एकदां हातीं आली कीं निबंधकार नाटक बाजूस ठेवून किल्लीच वर्णूं लागतो. या दृष्टीचा पूर्वेतिहास ध्यानांत ठेवावा. खाडिलकरांच्या १९०७ सालच्या 'कीचकवधां'त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमि, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त व भीम म्हणजे जहाल, हें रूपक प्रेक्षकांनीं ओळखलें, तसेंच सरकारनेंहि ओळखलें, व १९१० सालीं त्यावर बंदी आली. तेथें किल्ली खरी होती, तरीहि तिनें नाटक संपलें नाहीं; कर्झन विस्मृतींत गेल्यावरहि सभेंतील द्रौपदीचा अपमान व धर्मराजाचें मौन ही अडचण जशीच्या तशीच राहते. 'घाशीराम'चा प्रयोग १९८० सालीं युरोपांत झाला तेव्हां समोरच्या प्रेक्षकांस ना पेशवाई ठाऊक होती, ना मुंबईचें राजकारण. रूपक हा नाटकाचा सर्व अर्थ असता, तर त्यांच्यापुढें तें मुकें झालें असतें.

६

तें मुकें झालें नाहीं याचें कारण प्रयोगांत आहे, आणि हीच दृष्टि छापील पुस्तकावरून निबंध लिहिणाऱ्यांकडून सुटते. बारा ब्राह्मण एका ओळींत उभे राहतात. ते पाठमोरे झाले म्हणजे भिंत होते, समोर वळले म्हणजे नामघोष करणारे टाळकरी होतात, मोडले म्हणजे बावनखणीकडे चोरून जाणारे पुणेकर होतात, आणि शेवटीं दगड मारणारा जमाव होतात. नानांचें कृत्य ज्या पडद्याआड चालतें तो पडदा त्याच शहरच्या माणसांचा आहे. पुस्तकांत ही गोष्ट कंसांतील रंगसूचनेपुरती आहे. प्रयोगांत ती सर्वांहून मोठ्यानें बोलते. डॉ. जब्बार पटेल यांचें दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचें संगीत व कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांस या नाटकाचे सहकर्ते मानल्यावांचून त्याचें परीक्षण पुरें होत नाहीं. डॉ. पटेल हे पंढरपुरास जन्मलेले व सोलापुरांत शिकलेले, हें आम्हां सोलापूरकरांनीं सांगितल्यास वाचक क्षमा करतील.

एका आक्षेपाचा विचार मात्र सोलापुरांतूनच करणें योग्य. देवाच्या नामघोषाशेजारीं लावणी ठेवली हें अभिरुचीस सोडून आहे, असें पुष्कळांनीं म्हटलें. त्यांस आम्ही शाहीर रामजोशाची आठवण देतों. सोलापुरांतील विद्वान् ब्राह्मण घराण्यांतील हा पुरुष. संस्कृताचा संस्कार असून तमाशाच्या फडांत शिरला, लावण्या रचल्या, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणें बारामतीच्या मोरोपंतांच्या सहवासानें कीर्तनाकडे वळला. १७९१ सालीं तो तिशीच्या आसपास होता, म्हणजे घाशीरामाचा अगदीं समकालीन. कीर्तन व लावणी हीं एकाच गळ्यांत नांदणें ही १९७२ सालची थट्टा नसून उत्तर पेशवाईच्या कानाला परिचित अशी वस्तुस्थिति होती. भेद इतकाच कीं, रामजोशाच्या चरित्रांत तीं एकामागून एक आलीं, आणि तेंडुलकरांनीं तीं एकाच क्षणीं एकावर एक ठेविलीं. म्हणून तेथें शृंगार व भक्ति, येथें हास्य व त्यामागून बीभत्स. सबब या बाबतींत आक्षेप घ्यावयाचा तर तो सामग्रीवर न घेतां मांडणीवर घ्यावा. आणि मांडणीपुरतें बोलावयाचें तर ती ज्या रसासाठीं केली तो रस उत्पन्न होतो, अशी साक्ष प्रयोग पाहिलेल्या पुष्कळांनीं दिली आहे.

७

एवढ्यावरून नाटकावर निबंध लिहूं इच्छिणाऱ्यांस तीन गोष्टी सुचवितों. कोणतीहि दृष्टि लावण्यापूर्वीं मूळ साधन व नाटक यांतील भेद स्वतः टिपावे, दुसऱ्याच्या यादीवर विसंबूं नये. जी दृष्टि घ्याल तीस नाटकांतील न जुळणारा भाग प्रथम दाखवावा. तो भाग समजून घेण्यांत जी दृष्टि उपयोगी पडेल ती खरी. आणि जो गज एका नाटकास लावाल तो सर्वांस सारखा लावावा.

संशोधकांपुरतें बोलावयाचें तर, नाटकास सत्याचा दाखला देणें किंवा त्याच्या बंदीची मागणी करणें हें आमचें काम नव्हे. कोतवालीचे कागद, मॅलेटचें लेखन व घरगुती पत्रव्यवहार यांतून घाशीरामाचें साधार चरित्र सर्वांस वाचतां येईल असें एकत्र सिद्ध करणें, हें आमचें काम. तसें पुस्तक नाटकाच्या शेजारीं ठेवतां आलें तर नानांवरील अन्याय आपोआप उघड्या प्रकाशांत येईल, आणि घाशीरामावर कांहीं झाला असल्यास तोहि येईल.

संग्राहकांसहि एक विनंति आहे. जुन्या पोथ्या आपण जिवापाड सांभाळतों. परंतु नाटकमंडळ्यांच्या नकला, पदांच्या वह्या, रंगसूचना टिपलेल्या प्रती, हस्तपत्रकें व वर्तमानपत्रांतील जाहिराती रद्दींत जातात. सोलापूर, बार्शी, पंढरपूर या गांवीं मुक्काम करून गेलेल्या मंडळ्यांचे असे कागद कित्येक घरांच्या माळ्यावर अजून असतील. वर सांगितलेली माणसांची भिंत कशी वळत होती, हें पुढच्या शतकांतील परीक्षकास छापील पुस्तकावरून कळणार नाहीं. तें अशाच कागदांवरून कळेल. ज्यांच्याकडे ते असतील त्यांनीं ते जतन करावे व त्यांची यादी तरी मंडळाकडे पाठवावी.